वळवाचा आठवडा

मे महिन्याचा शेवटचा आठवडा डोळ्यांसमोर आणा. रोहिणी नक्षत्र नुकतेच लागलेले आहे. जळगाव, भुसावळ, धुळे या भागात दुपारचा पारा ४२-४३ अंशांच्या खाली यायला तयार नाही. रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. अशाच एका दिवशी दुपारी चारच्या सुमारास सातपुड्याच्या अंगाला एक पांढराशुभ्र ढग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा वर वर चढू लागतो. तासाभरात आकाश काळवंडते, धुळीचा लोट उठतो, घरांवरचे पत्रे खडखडू लागतात, दहा-पंधरा मिनिटे टपोरे थेंब पडतात आणि सारे शांत होते. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावचा मित्र भेटला की विचारा. तो म्हणेल, ‘आमच्याकडे तर थेंबही नाही!’

हा वळीव. वर्तमानपत्रे हल्ली त्याला सरसकट ‘अवकाळी पाऊस’ म्हणतात, पण मे महिन्यातला वळीव मुळीच अवकाळी नव्हे. तो त्याच्या वेळेवरच आलेला असतो. मृग लागण्यापूर्वी असा पाऊस दोन-चार वेळा यायचाच, हे खानदेशातल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तो कुठे पडेल आणि किती पडेल, एवढेच काय ते कोणाला सांगता येत नाही.

भूगोलाच्या पुस्तकात तुम्ही या पावसाला ‘आरोह पाऊस’ म्हणून भेटला आहात. जमीन तापते, हवा तापते, हलकी होऊन वर जाते, थंड होते आणि पाऊस पडतो, असे त्यात दिलेले असते. हे खरे आहे, पण अर्धेच. नुसती जमीन तापून भागत असते, तर एप्रिल-मेमध्ये खानदेशात रोज पाऊस पडला असता! उलट, युरोपच्या उत्तर टोकाला, स्वीडनमधील किरुना नावाच्या गावी मे महिन्याच्या अखेरीस दुपारचे तापमान जेमतेम १० अंश असते. आपल्याकडे त्या तापमानाला शेकोटी पेटते. तरीही तेथे त्याच दिवसांत अगदी आपल्या वळवासारख्याच सरी येतात: क्षणात ऊन, क्षणात सर, पुन्हा ऊन. म्हणजे हवा किती तापली यावर हे अवलंबून नाही. मग कशावर आहे?

सायकलच्या चाकात पंपाने हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम होते, हे तुम्ही अनुभवले असेल. त्यात घर्षणाचा वाटा थोडा असतो, पण मुख्य कारण म्हणजे हवा दाबली की तापते. याच्या उलट, चाकाची हवा सोडली तर बाहेर येणारी हवा बोटाला गार लागते, कारण ती प्रसरण पावत असते. आकाशात वर चढणाऱ्या हवेचे असेच होते. वर दाब कमी, म्हणून ती फुगते. फुगते म्हणून थंड होते. बाहेरून कोणी तिला थंड करावे लागत नाही. हे थंड होणे अगदी ठरलेल्या दराने चालते: दर किलोमीटरला सुमारे ९.८ अंश.

आता असा विचार करा. तापलेल्या जमिनीवरून हवेचा एक गोळा सुटला आणि वर निघाला. वाटेत तो थंड होतच आहे. भोवतालची हवाही उंचीबरोबर थंड होत गेलेली असते, पण तिचा दर दररोज वेगळा असतो. कोणत्याही उंचीवर आपला गोळा शेजारच्या हवेपेक्षा उबदार असेल तर तो आणखी वर जाईल. थंड असेल तर तेथेच थांबेल. शर्यत आहे ती या दोघांच्या तापमानांची. किरुनात जमिनीवर १० अंश असले तरी पाच किलोमीटर उंचीवर ध्रुवाकडून आलेली हवा उणे ३० अंशांपर्यंत थंड असू शकते. त्या हवेपुढे १० अंशांची हवासुद्धा उबदारच ठरते! शिवाय त्या सुमारास तेथे सूर्य मावळतच नाही, तेव्हा जमीन तापवण्याचे काम जवळजवळ अखंड चालू असते. वळवाला लागतो तो वर आणि खाली यांच्यातला फरक.

खानदेशात दुपारी खाली ४२ अंश असतात, मग तर फरक भरपूरच. तरीही एप्रिलमध्ये आकाश निरभ्र का राहते? कारण दुसरी गरज ओलाव्याची. कोरडी हवा कितीही वर गेली तरी तिच्यातून ढग व्हायचा तर तो फार उंचावर जाऊन व्हावा लागतो, आणि तेथवर पोचण्याआधीच तिचा जोर बहुधा संपतो. हा ओलावा येतो अरबी समुद्रावरून. नकाशा काढून पाहा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे आणि सातमाळ्याचे डोंगर, आणि मध्ये पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहत जाऊन सुरतेजवळ समुद्राला मिळणारी तापी. तिचे खोरे म्हणजे पश्चिमेला उघडी असलेली एक लांबच लांब गल्लीच आहे. मे महिना सरत आला की या गल्लीतून समुद्रावरची दमट हवा अधिकाधिक आत येऊ लागते. कधी बंगालच्या उपसागराकडूनही ओलावा येतो. मध्य भारतापासून दक्षिणेपर्यंत एक अशी रेषा या दिवसांत वरचेवर तयार होते की तिच्या एका बाजूला वारे एका दिशेचे आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्या दिशेचे असतात. वेधशाळेच्या अंदाजात ‘वाऱ्यांची खंडितता’ हा शब्द ऐकलात तर तो या रेषेबद्दल असतो. अशी रेषा जवळ आली की समजावे, आता रंग भरणार.

हवेत ओलावा किती, हे तुम्हांला शाळेतही मोजता येईल. एक चकचकीत स्टीलचा पेला घ्या. तो सावलीत ठेवून त्यात साधे पाणी घाला आणि तापमापी बुडवा. आता बर्फाचे लहान तुकडे एकेक टाकत ढवळत राहा. पेल्याच्या बाहेरच्या अंगावर प्रथम धुरकट ओल दिसेल त्या क्षणी तापमान वाचा. हा झाला हवेचा दवबिंदू. सावलीतल्या हवेचे तापमानही लिहून ठेवा. दोन्हींतल्या फरकाला १२५ ने गुणा. जे उत्तर येईल तितके मीटर उंचीवर दुपारच्या ढगाचा तळ असेल. १२५ हा आकडा जादूचा नाही. वर जाताना हवेचे तापमान किलोमीटरला ९.८ अंशांनी उतरते आणि तिचा दवबिंदू सुमारे १.८ अंशांनी, म्हणजे दोघे किलोमीटरला ८ अंशांनी एकमेकांजवळ येतात. एका अंशासाठी १००० भागिले ८, म्हणजे १२५ मीटर.

समजा, आठवड्याच्या पहिल्या दिवशी तुम्हांला हवेचे तापमान ४२ अंश आणि दवबिंदू १४ अंश मिळाला. फरक २८, म्हणून ढगाचा तळ ३५०० मीटरवर. कळसूबाईच्या दुपटीहूनही उंच! किरुनात तापमान १० आणि दवबिंदू २ असेल तर तळ फक्त १००० मीटरवर. हा फरक लक्षात ठेवा, कारण खानदेशातल्या वळवाची सगळी खोड या उंच तळात आहे.

पहिले एक-दोन दिवस सातपुड्याच्या रांगेवर कापसाच्या बोंडांसारखे ढग दिसतील. डोंगराचे उतार दुपारी आजूबाजूच्या मोकळ्या हवेपेक्षा अधिक तापतात, म्हणून पहिले ढग तेथेच धरतात. सूर्य कलला की ते विरून जातात. हे राशिमेघ. तिसऱ्या दिवशी ओलावा वाढला, की त्यातला एखादा थांबत नाही. एकदा ढग धरू लागला की हवेला नवे बळ मिळते. वाफेचे पाणी होताना सुप्त उष्णता बाहेर पडते, त्यामुळे ढगातली वर जाणारी हवा पूर्वीइतक्या झपाट्याने थंड होत नाही. भोवतालच्या हवेपेक्षा ती उबदार राहते आणि आणखी वर झेपावते. ढग १२ ते १५ किलोमीटरांपर्यंत चढतो. तेथे तपांबराची हद्द संपते, पुढे वाट नसते, म्हणून त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट पसरतो. आता तो गर्जन्मेघ झाला.

या सुप्त उष्णतेचा हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. समजा, एका वळवाने १० चौरस किलोमीटर जागेवर २० मिलीमीटर पाऊस पाडला. हे पाणी झाले २ लाख घनमीटर, म्हणजे २० कोटी किलोग्रॅम. एक किलो वाफेचे पाणी होताना सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता सुटते. गुणाकार करून विजेच्या युनिटांत मांडला तर उत्तर येते जवळजवळ १४ कोटी युनिटे. भुसावळजवळच्या दीपनगरला वीजकेंद्र आहे. त्यातले ५०० मेगावॅटचे दोन संच पूर्ण क्षमतेने रात्रंदिवस चालले तर एवढी वीज तयार करायला सहा दिवसांच्या आसपास लागतील. ढगाचा हा कारभार तासा-दीड तासात उरकतो, आणि त्यातली फार थोडी शक्ती वाऱ्याच्या रूपाने जमिनीवर येते. तेवढी थोडीसुद्धा आपल्याला पुरून उरते.

आता वाऱ्याकडे येऊ. तिसऱ्या दिवशी ढग तर आला, काळोखी दाटली, मातीचा वासही आला, पण पडले ते चार थेंब. मात्र वारा असा सुटला की रावेर-यावलकडच्या बागांत केळी आडव्या झाल्या. पाऊस नाही आणि वादळ मात्र भयंकर, असे का?

माठातले पाणी का गार होते ते तुम्ही शिकला आहात. माठाच्या अंगावरचे पाणी वाफ होताना उष्णता शोषून घेते. ढगातून निघालेला पाऊस साडेतीन किलोमीटर कोरड्या, तापलेल्या हवेतून खाली यायचा असतो. वाटेत थेंब आटत जातात. एक किलो हवेत फक्त एक ग्रॅम पाणी आटले तरी ती हवा अडीच अंशांनी थंड होते. चार ग्रॅम आटले की दहा अंशांनी. पाऊस जमिनीवर पोचत नाही, पण त्याने गार केलेली हवा पोचते. ढगाखाली करड्या झालरी लोंबताना दिसतात आणि अधांतरीच विरतात. तेथे हेच चाललेले असते. दहा अंशांनी थंड झालेली एक घनमीटर हवा भोवतालच्या हवेपेक्षा सुमारे ३५ ग्रॅम जड असते. ३५ ग्रॅम म्हणजे फार नव्हे असे वाटेल. पण अशी कोट्यवधी घनमीटर हवा एकदम खाली कोसळू लागली म्हणजे तिचा वेग वाढतच जातो, आणि जमिनीवर आपटून ती चोहोबाजूंना फाकते. न्हाणीत उंचावरून बादली ओतली की पाणी जसे फरशीवर चहूकडे धावते, तसे.

म्हणून धूळ आधी आणि पाऊस मागून, असा वळवाचा क्रम असतो. या थंड वाऱ्याची आघाडी ढगाच्या कित्येक किलोमीटर पुढे धावते. मातीचा वासही तोच आणतो. जेथे पाऊस पडून गेला तेथल्या मातीतले जिओस्मिन नावाचे द्रव्य हवेत मिसळते आणि वारा ते तुमच्यापर्यंत पोचवतो. मातीतले काही सूक्ष्मजीव हे द्रव्य तयार करतात. म्हणजे वास आला तर पाऊस येणार असे नव्हे. तो कोठेतरी पडला आहे, एवढेच.

अशा कोसळणाऱ्या वाऱ्याचा छडा लावला तो शिकागो विद्यापीठातले जपानी वंशाचे शास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांनी. तरुणपणी, १९४५ साली, त्यांनी नागासाकी आणि हिरोशिमा येथे अणुबाँबच्या स्फोटाने आडवी झालेली झाडे पाहिली होती. स्फोट ज्या जागेच्या वर झाला तेथून सर्व दिशांना, ताऱ्याच्या किरणांसारखी ती पडलेली होती. पुढे १९७४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत एकामागून एक प्रचंड वावटळी आल्या. त्यानंतर विमानातून पाहणी करताना फुजितांना जंगलात काही ठिकाणी नेमका तोच आकार दिसला. वावटळीत झाडे गोलाकार फेकली जायला हवीत. ही तर बाहेरच्या दिशेने सरळ पडली होती. १९७५ च्या २४ जूनला न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरणारे एक प्रवासी विमान वादळात कोसळले. त्याचा अभ्यास करून फुजितांनी सांगितले की वरून खाली आदळणाऱ्या हवेनेच ते पाडले. पुष्कळ शास्त्रज्ञांना हे आधी पटले नाही. पुढे रडारने मोजमापे झाली तेव्हा फुजितांचे बरोबर ठरले. आज विमानतळांवर असा वारा ओळखणारी यंत्रणा बसवलेली असते. चार किलोमीटरांहून कमी रुंदीच्या जागेत हे सारे घडू शकते, हेही त्यांनीच दाखवले.

आता हे खानदेशातल्या केळीला लावून पाहू. केळीचे जे खोड आपण म्हणतो ते खरे खोड नव्हेच. पानांचे देठ एकमेकांवर गुंडाळून झालेला तो पाण्याने भरलेला खांब आहे. त्यात लाकूड नाही. मुळे उथळ. आणि वर २०-२५ किलोचा घड! जूनमध्ये लावलेल्या मृगबागेतले घड नेमके मे-जूनमध्ये तयार होतात, म्हणजे झाड सर्वांत जड असते तेव्हाच वळवाची गाठ पडते. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी २० किलोमीटरचा वारा ६० चा झाला तर वेग तिप्पट होतो आणि दाब नऊपट. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात एक चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे १५ किलो वजनाइतका रेटा बसतो. केळीची पाने वाऱ्याने चिरून त्यांच्या पट्ट्या होतात ते एका अर्थी बरेच असते. चिरलेले पान वारा कमी अडवते. शेतकरी घडाला बांबूचा टेकू देतात, झाडे एकमेकांना पट्ट्यांनी बांधतात, बांधावर शेवरी किंवा गजराज गवत लावतात. हे कुंपण विरळ असणेच चांगले. भक्कम भिंत घातली तर तिच्यावरून उडी मारलेला वारा पलीकडे भोवरे करतो. वारा थोडा आरपार जाऊ देणारे कुंपण त्याचा जोर मोडते. पुष्कळ ठिकाणी असे कुंपण पश्चिमेकडून घालतात, कारण उन्हाळ्यात नेहमीचा वारा पश्चिमेचा असतो. वळवाचा वारा मात्र ढग जिकडे असेल तिकडून येतो. ढग सातपुड्यावर असेल तर उत्तरेकडून, अजिंठ्याकडे असेल तर दक्षिणेकडून. माझे तर मत आहे की चारही बाजू शाकारल्याखेरीज बागेला निर्धास्तपणा नाही. पण त्याला जागा लागते आणि खर्चही येतो, हेही खरे.

येथे आणखी एक अडचण आहे आणि ती बरीच गंभीर आहे. केळीच्या हवामानावर आधारित पीक विम्यात वाऱ्याचा वेग हा एक निकष असतो. तो मोजतात महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर. मंडळात गावे पुष्कळ, केंद्र एक. फुजितांनी दाखवलेला वारा तीन किलोमीटर रुंदीचा असेल आणि केंद्र त्याच्यापासून आठ किलोमीटर दूर असेल, तर केंद्रावरचा वेगमापक साध्या झुळकीची नोंद करील आणि इकडे बाग भुईसपाट झालेली असेल. यंत्र खोटे बोलत नाही आणि शेतकरीही खोटे बोलत नाही; घटनाच मोजणीच्या जाळीच्या भोकातून निसटण्याएवढी लहान आहे. तुमच्या गावात असे झाले तर फुजितांसारखी पाहणी तुम्हीही करू शकता. गावाचा नकाशा कागदावर काढा. होकायंत्र घेऊन चार-पाच शेतांत जा. प्रत्येक शेतात केळीचा शेंडा कोणत्या दिशेला पडला आहे ते बाण काढून दाखवा. सगळे बाण एकाच दिशेचे निघाले तर वाऱ्याची आघाडी गावावरून गेली. ते एका बिंदूपासून बाहेर फाकलेले दिसले तर हवा त्या बिंदूवरच कोसळली. आडव्या झालेल्या केळी शेतकरी लवकर हलवतात, तेव्हा ही पाहणी दुसऱ्याच दिवशी करावी लागते, आणि शेतमालकाला विचारूनच शेतात शिरावे.

आठवड्याच्या उत्तरार्धात चित्र पालटते. झालेल्या पावसाने जमीन ओली, हवा दमट. दवबिंदू २२ अंशांवर गेला आणि दुपारचे तापमान ३८ वर आले, तर फरक १६ आणि ढगाचा तळ २००० मीटरवर उतरतो. थेंबांची वाट जवळजवळ निम्मी झाली. आता आटणे कमी आणि पोचणे अधिक. वारा सौम्य होतो, पाऊस वाढतो. अर्थात रोज नव्हे. एक दिवस जोराचा वळीव झाला की दुसरा दिवस बहुधा उघडीप देतो. गार झालेली जमीन पुन्हा तापायला, आणि वर पसरलेली उबदार हवा निघून जायला वेळ लागतो.

गारांची गोष्ट राहिली. ढगात पाच किलोमीटरांच्या वर तापमान शून्याखाली असते, पण तेथले पाणी लगेच गोठत नाही. अतिशय लहान थेंब उणे २०, उणे ३० अंशांपर्यंतही द्रवच राहू शकतात. याला अतिशीत पाणी म्हणतात. असा थेंब बर्फाच्या कणावर आदळला की तत्काळ गोठतो, आणि कणाची गार वाढत जाते. गार चिरून पाहा. आत कांद्यासारखी वर्तुळे दिसतील, काही काचेसारखी पारदर्शक, काही दुधाळ. पाणी सावकाश गोठले तर आतली हवा निसटते आणि थर पारदर्शक होतो. झटकन गोठले तर बुडबुडे अडकून तो दुधाळ होतो. गार ढगात चेंडूसारखी वर-खाली अनेक फेऱ्या मारते आणि फेरीगणिक एक थर चढतो, असे जुन्या पुस्तकांत वाचायला मिळते. आजचे शास्त्रज्ञ म्हणतात की पुष्कळशा गारा एकाच फेरीत वाढतात. ढगाच्या निरनिराळ्या भागांतून जाताना कोठे पाणी जास्त, कोठे कमी मिळते, त्यामुळे थर वेगळे होतात. लिंबाएवढी गार तोलून धरायला ताशी १०० किलोमीटरांच्या आसपास वेगाचा वारा सरळ वर वाहावा लागतो. यावरून ढगाच्या पोटात काय चालले असेल याची कल्पना करा.

किरुनाच्या सरींतही गारा असतात, पण त्या साबुदाण्याएवढ्या, पांढऱ्या आणि मऊ. तेथे ढग ठेंगणा, पाच-सहा किलोमीटरांत संपणारा, आणि शून्य अंशाची पातळी ढगाच्या तळाशीच. मऊ कणांना फक्त किलोमीटरभर गारेगार हवेतून उतरायचे असते, म्हणून ते न वितळता जमिनीवर येतात आणि गवतावर पांढरा शिडकावा करून जातात. आपल्याकडे गारेला शून्य अंशाच्या पातळीपासून पाच किलोमीटर उन्हाळ्यातून यावे लागते. हरभऱ्याएवढी गार वाटेतच विरघळते. वळवाचे थेंब एवढे टपोरे असतात त्याचे एक कारण हेच. त्यांतले पुष्कळ थेंब म्हणजे वितळलेल्या गारा. जमिनीपर्यंत तगते ती मोठी गार, आणि म्हणूनच आपली गारपीट मारक असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये वरची हवा अधिक थंड आणि शून्याची पातळी अधिक खाली असते, तेव्हा गारांचा धोका मे महिन्यापेक्षाही जास्त. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात जी गारपीट झाली ती अशाच स्थितीत. गहू, हरभरा, कांदा, द्राक्षे सारे झोडपून निघाले. तिला मात्र अवकाळी म्हणायला माझी हरकत नाही. उत्तर प्रदेशात मुरादाबादजवळ ३० एप्रिल १८८८ रोजी झालेल्या गारपिटीत २४६ माणसे दगावली होती.

विजेबद्दल थोडक्यात, पण नीट लक्ष देऊन वाचा. ढगात गारांचे मऊ कण आणि हलके हिमस्फटिक एकमेकांवर घासून विद्युतभार वेगळे होतात. भारतात वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात, आणि त्यांत शेतात काम करणारी माणसे फार. वीज चमकली की सेकंद मोजा. गडगडाट ऐकू येईपर्यंत दर तीन सेकंदांना एक किलोमीटर अंतर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या घरात जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. गुरे आणायला जाऊ नका. निंबाच्या किंवा आंब्याच्या झाडाखाली उभे राहू नका, मग कैऱ्या कितीही पडोत.

आता तुमची वही. सात दिवस, रोज दुपारी तीन वाजता चार नोंदी करा: सावलीतले तापमान, दवबिंदू, त्यावरून काढलेली ढगाच्या तळाची उंची आणि वाऱ्याची दिशा. संध्याकाळी आणखी तीन: वारा सुटला का व कोणत्या बाजूने, पाऊस किती, वीज दिसली का. पाऊस मोजायला सरळ कडांचा डबा उघड्यावर ठेवला आणि पट्टीने मिलीमीटर मोजले तरी चालेल. एका शाळेऐवजी चोपडा, अमळनेर, पारोळा, शिरपूर, साक्री अशा पाच-सहा ठिकाणच्या शाळांनी एकाच आठवड्यात नोंदी ठेवल्या आणि त्या एकत्र मांडल्या, तर फार मौज येईल. एका गावी २० मिलीमीटर आणि दहा किलोमीटरांवर शून्य, असे आकडे शेजारी शेजारी दिसतील. एका वळवावर भरवसा ठेवून कोरडवाहू पेरणी करू नये असे जाणते शेतकरी का सांगतात, ते त्या आकड्यांवरूनच तुम्हांला कळेल. २० मिलीमीटर पाण्याने वरची माती ओली होते, बी उगवून येते, आणि पुढे पंधरा दिवस आकाश कोरडे राहिले की दुबार पेरणीची पाळी येते.

ही वही मृग लागला तरी बंद करू नका. जूनच्या मध्याच्या सुमारास एक दिवस असा येईल की पेल्यावर ओल धरायला बर्फाचे दोन-तीन तुकडेच पुरतील, ढगाचा तळ हजार मीटरच्याही खाली आलेला असेल, वारा दिवसभर पश्चिमेकडूनच वाहील, आणि पाऊस दुपारची वाट न पाहता सकाळीच सुरू होईल. त्या दिवसाच्या पानावर तारीख ठळक लिहा. तेथे वळवाच्या नोंदी संपल्या आणि मोसमी पावसाच्या सुरू झाल्या.